हळदीचं पोतं आणि हळदीची गोळी: अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय?

परवा संध्याकाळी शेजारच्या काकूंनी एक बाटली माझ्या हातात ठेवली. आत साठ गोळ्या, झाकणाला सोनेरी पट्टी, आणि बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'कर्क्युमिन ९५ टक्के, शक्तिशाली अँटिऑक्सिडंट'. मुलाने पुण्याहून पाठवली होती. "तू केमिस्ट्री शिकवतीस नव्हं? मग वाचून सांग, रोज एक घेऊ का दोन?"

काकू सोप्यात बसल्या होत्या आणि त्यांच्या पाठीमागे भिंतीला टेकून हळदीची पोती उभी होती. मिरज तालुक्यातल्या आमच्या गावात फेब्रुवारीत हे दृश्य घरोघरी दिसतं. हळद काढायची, शिजवायची, खळ्यावर दहा-पंधरा दिवस वाळवायची, ड्रममध्ये पॉलिश करायची आणि सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला न्यायची. जे पोत्यात भरून घरात आहे, त्याचाच अर्क बाटलीत घालून घरी आला होता. आणि कशावर विश्वास ठेवावा हे त्या माउलीला कळत नव्हतं.

ही एकट्या काकूंची गोष्ट नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी सरबतापासून शेवग्याच्या पानांच्या पावडरीपर्यंत सगळीकडे हा शब्द चिकटवलेला असतो. अमुक पाल्यात, तमुक फळात अँटिऑक्सिडंट सापडल्याच्या बातम्या येत राहतात. शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, अर्थ फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून जरा मुळापासून सांगते.

चप्पल हरवलेला माणूस

वांगं चिरून पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. शेंगदाण्याचं तेल उघडं राहिलं की खवट होतं. विळीला गंज चढतो. या तिन्हींमागे हवेतला ऑक्सिजन आहे. त्याच्याशी संयोग होऊन पदार्थ बदलतो, याला ऑक्सिडीकरण म्हणतात. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजनही पेशींमध्ये अन्नातली ऊर्जा काढायला वापरला जातो. हे काम चालू असताना काही अस्थिर, हावरे कण तयार होतात. त्यांचं नाव फ्री रॅडिकल. रेणूंमध्ये इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात. फ्री रॅडिकलमध्ये एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला असतो, आणि जोडी जमवण्यासाठी तो शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो.

संकष्टीला सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर चपलांचा ढीग पडतो. समजा, एकाची चप्पल गेली. तो वैतागून दुसऱ्याची पायात घालतो आणि निघतो. तो दुसरा बाहेर येतो, त्याला आपली सापडत नाही, तो तिसऱ्याची घालतो. चोरी एकच झाली, पण पन्नास माणसं हैराण. पेशीच्या आवरणात, प्रथिनांत, डीएनएमध्ये फ्री रॅडिकलमुळे अशीच साखळी लागते.

आता त्या गर्दीत एखादा भला माणूस म्हणतो, "घ्या माझी, माझं घर जवळच आहे, मी अनवाणी जातो." साखळी तिथेच तुटते. हा माणूस म्हणजे अँटिऑक्सिडंट. स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊनही तो दुसऱ्याकडे ओढाओढी करायला जात नाही. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गाजरातलं बीटा कॅरोटिन, हळदीतलं कर्क्युमिन, जांभळातली जांभळी रंगद्रव्यं हे सगळे त्या जातीचे.

१९५६ साली डेनम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने मांडलं की म्हातारपण हे मुळात याच कणांनी केलेल्या नासधुशीतून येतं. मग पुढचा विचार सहज सुचणारा होता: नासधूस करणारे कण वाईट, त्यांना शांत करणारे चांगले, म्हणून जितके जास्त खाऊ तितकं बरं. ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की पुढची चाळीस वर्षं जगाने त्यावर विश्वास ठेवला.

जांभळ्याचं पिवळं होतं तेव्हा

एखाद्या वनस्पतीत अँटिऑक्सिडंट 'सापडलं' म्हणजे प्रयोगशाळेत काय घडलेलं असतं, हे मी दर वर्षी डोळ्यांनी पाहते. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी चाचणी म्हणजे डीपीपीएच. ही एक पूड असते. मिथेनॉलमध्ये विरघळवली की गडद जांभळं द्रावण होतं. डीपीपीएच स्वतःच एक फ्री रॅडिकल आहे, पण टिकाऊ, बाटलीत ठेवता येईल असं. त्यात आवळ्याच्या रसाचे थेंब टाकले की बघता बघता जांभळा रंग उतरतो आणि द्रावण पिवळं पडतं. रंग किती उतरला हे यंत्रात ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशावर मोजायचं, आलेख काढायचा, निष्कर्ष लिहायचा.

मुलांना हा प्रयोग फार आवडतो आणि मलाही. कोणी जावळीच्या डोंगरातली करवंदं आणतो, कोणी शेवग्याचा पाला, कोणी जांभळं. जांभळांचा रस मुळातच रंगीत, त्यामुळे त्याचा स्वतःचा रंग वजा करायला मुलं विसरतात आणि आकडे भलतेच येतात. एका वर्षी एका मुलीने वेगळं काही मिळालं नाही म्हणून घरातली चहापूड आणली. तिच्या चहाने वर्गातल्या बऱ्याच औषधी वनस्पतींना मागे टाकलं.

चहा जिंकला यात नवल नाही. झाडाला ऊन लागलं म्हणून उठून सावलीत जाता येत नाही. दिवसभर उन्हात उभं राहायचं, किडीला तोंड द्यायचं, तर स्वतःच्या बचावासाठी त्याला असे पदार्थ बनवावेच लागतात. त्यामुळे जवळजवळ कुठलंही पान, फळ, साल घ्या, जांभळ्याचं पिवळं होणारच. किती झालं एवढाच फरक.

आणि डीपीपीएच आपल्या शरीरात कुठेच नसतं. चाचणी खोटी नाही, पण ती फक्त एवढंच सांगते की काचेच्या नळीत, मिथेनॉलमध्ये, या रसाने त्या पुडीला इलेक्ट्रॉन दिला. 'हृदयविकारावर गुणकारी' हे तिथून फार लांब आहे. अशाच दुसऱ्या एका चाचणीनुसार अमेरिकेच्या कृषी खात्याने शेकडो पदार्थांची अँटिऑक्सिडंट-क्रमवारी प्रसिद्ध केली होती. जाहिरातवाल्यांनी तिचा भरपूर वापर केला. २०१२ मध्ये त्या खात्याने स्वतःच ती यादी काढून टाकली, कारण नळीतले हे आकडे आणि माणसाच्या तब्येतीवरचा परिणाम यांचा मेळ लागत नव्हता.

नळीतून पोटात

काकूंची बाटली मी इथे पुन्हा हातात घेतली. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असतं. भाजीत आपण पाव चमचा हळद टाकतो, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातून कर्क्युमिन येतं वीस-बावीस मिलिग्रॅम. ते सगळ्या घरात वाटलं जातं. बाटलीतल्या एका गोळीत पाचशे मिलिग्रॅम अर्क होता. तेवढं कर्क्युमिन हळदीतून घ्यायचं तर पाच-सहा चमचे पूड फाकावी लागेल. गोळी म्हणजे हळद नव्हे, हा हिशेब आधी डोक्यात बसला पाहिजे.

बरं, पोटात गेलं म्हणजे अंगी लागलं का? कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. आतड्यातून ते फार थोडं रक्तात जातं. जे जातं त्याला आतडं आणि यकृत परका पाहुणा समजून झटपट बांधून बाहेरचा रस्ता दाखवतात. दिवसाला काही ग्रॅम देऊनही माणसाच्या रक्तात ते नाममात्रच सापडलं आहे. १९९८ साली बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं पायपरीन वीस मिलिग्रॅम दिलं तर रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं. 'हळदीत मिरी घाला' हा सल्ला तिथून पसरला. पण मुळात जे चिमूटभरसुद्धा नव्हतं त्याच्या वीस पट म्हणजे तरी किती? शिवाय पायपरीन हे काम करतं ते यकृताच्या निचऱ्याला अडथळा आणून. तोच निचरा तुम्ही घेत असलेल्या इतर औषधांनाही लागतो.

२०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा आला. तोवर माणसांवर १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. आढावा घेणाऱ्यांचा निष्कर्ष कडक होता: खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशा काटेकोर चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरलेलं नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला रसायनाची शिक्षक म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. कर्क्युमिन स्वतः पिवळं आहे, प्रकाशात चमकतं, भेटेल त्या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्या फसतात आणि परिणाम नसताना परिणाम दिसतो. गुडघेदुखीत थोडा आराम मिळतो असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे, तेवढं मान्य करायला हवं.

हे कण शरीराला हवेही असतात

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फसाफसा फेस येतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. तो फेस म्हणजे आपल्या रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटॅलेज नावाच्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, काम. पेरॉक्साइड फोडून तो त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतो. त्याचा एक रेणू सेकंदाला असे लाखो रेणू फोडतो. अँटिऑक्सिडंटचं आपलं खरं सैन्य हे आहे आणि ते शरीर स्वतः बनवतं. बाहेरून खाल्लेले चार दाणे त्याच्यापुढे किरकोळ आहेत.

दुसरं म्हणजे फ्री रॅडिकल हा नुसता शत्रू नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते याच कणांचा मारा करून. व्यायाम करताना स्नायूंत हे कण वाढतात आणि तीच स्नायूंना 'आता बळकट व्हा' अशी हाक असते. २००९ मध्ये जर्मनीत एक प्रयोग झाला. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या. ज्यांना गोळ्या नव्हत्या त्यांच्यात इन्सुलिनचं काम सुधारलं. गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा दिसलाच नाही. आपल्याकडच्या तालमीत कोणीही हे समजेल. वस्तादाने पोराला आखाड्यात आपटूच दिलं नाही, तर तो पैलवान कसा होणार?

गोळ्या देऊन पाहिलं तेव्हा

चाळीस वर्षांच्या त्या विश्वासाची खरी परीक्षा फिनलंडमध्ये झाली. धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून जास्त पुरुषांवर ही चाचणी होती. काहींना बीटा कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल या आशेने. १९९४ मध्ये निकाल आला. गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तशीच १८ हजारांवर लोकांची चाचणी चालू होती. तिथेही तेच दिसायला लागलं, आणि १९९६ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. पुढे ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या ३५ हजारांवर पुरुषांच्या एका चाचणीत दिल्या गेल्या. २०११ मध्ये कळलं की प्रोस्टेटचा कर्करोग कमी झाला नाहीच, उलट १७ टक्के वाढला. २०१२ मध्ये अशा ७८ चाचण्या आणि जवळजवळ तीन लाख माणसं एकत्र धरून आढावा घेतला गेला. आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही, आणि बीटा कॅरोटिन व ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मृत्यू थोडे वाढत असावेत, असं त्यात निघालं.

हे गोळ्यांबद्दल आहे, गाजराबद्दल नाही. आणि ज्याच्या रक्तात खरंच एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता आहे, त्याला डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायलाच हवी.

"मग भाज्या-फळं खाणारे निरोगी कसे?"

ते निरोगी असतात हे खरं आहे. जगभरच्या पाहण्यांत ते पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण कशामुळे, हा प्रश्न वेगळा. ज्या घरात ट्रॅक्टर आहे त्या घरातली पोरं जास्त शिकतात, म्हणून ट्रॅक्टर काही शिकवत नाही. भरपूर फळं-भाज्या खाणारा माणूस बहुधा तंबाखू कमी खातो, चालतो जास्त, वेळेवर डॉक्टरकडे जातो. भाजीत तंतू असतात, पोटॅशियम असतं, आणि ताटात भाजी जास्त असली की फरसाण-वड्याला जागा कमी उरते.

शिवाय एक विचार आता पुढे येतोय, जो मला पटतो. वनस्पतींतले हे कडू-तुरट पदार्थ आपल्या शरीराला किंचित त्रासदायकच असतात. तो बारीकसा त्रास झाला की पेशी आपलं स्वतःचं सैन्य जागं करतात, कॅटॅलेजसारखी विकरं वाढवतात. म्हणजे करवंद फायद्याचं असेल तर ते तुमच्या वतीने लढतं म्हणून नाही, तुम्हाला कसरत करायला लावतं म्हणून. अशी कसरत थोड्या मात्रेतच जमते.

"आजीचा हळदीचा लेप खोटा होता का?"

हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दुखावलेपण असतं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या एका वैद्यकीय विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे प्रमुख होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ती लढाई. पण तिथे सिद्ध झालं ते एवढंच की ही माहिती नवी नाही, ती आमच्याकडे आधीपासून आहे. हळद प्रत्येक आजारावर चालते, असा निकाल कोणी दिला नाही. आणि आजी हळद जखमेवर लावत होती, जिथे हवी तिथेच थेट. तीच खाऊन रक्तातून गुडघ्यापर्यंत किंवा मेंदूपर्यंत पोचवणं हे वेगळंच काम आहे.

"पण औषधं झाडांपासूनच येतात ना?"

येतात, आणि मला सगळ्यात प्रिय भाग हाच आहे. अंगणातली सदाफुली घ्या. ती मधुमेहावर चालते अशी समजूत अनेक देशांत होती आणि आपल्याकडेही सकाळी तिची फुलं चावणारे लोक आहेत. १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तेच तपासायला घेतलं. उंदरांची साखर काही उतरली नाही. पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. त्यांनी विचार केला, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगात हे उपयोगी पडेल का? त्यातून व्हिन्ब्लास्टिन आलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही देतात. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सदाफुलीचा शेकडो किलो वाळलेला पाला लागतो.

किंवा आपल्या महाबळेश्वरच्या जंगलातला नरक्या. फुलांना घाण वास, म्हणून हे नाव. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यापासून कर्करोगाची दोन महत्त्वाची औषधं तयार झाली. हा पदार्थ पहिल्यांदा एका चिनी झाडात १९६६ मध्ये सापडला. शोधणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. या मागणीपायी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड इतकी झाली की झाडच धोक्यात आलं.

यातलं एकही औषध अँटिऑक्सिडंट म्हणून काम करत नाही. ही पेशी मारणारी विषं आहेत, मापून, शिरेतून, देखरेखीखाली दिलेली. हिवतापावरचं आर्टेमिसिनिन तर अगदी उलट चालतं. थू यूयू यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. ते वनस्पतीतूनच काढलेलं औषध आहे, पण ते हिवतापाच्या परजीवीच्या आत फ्री रॅडिकल तयार करून त्याला मारतं. म्हणून 'अँटिऑक्सिडंट आहे म्हणजे औषधी आहे' हे समीकरण मला झाडांवरच अन्याय करणारं वाटतं. झाडांची रसायनं त्याहून कितीतरी विविध आणि ताकदवान आहेत.

"नैसर्गिक आहे, अपाय कसला?"

अमेरिकेत यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. काहींच्या गोळीत मिरीचा अर्कही होता. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, पण नंतर देशातल्या इतर रुग्णालयांतूनही तशा नोंदी आल्या. संख्या मोठी नाही. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होतं त्याला कावीळ होऊन दवाखान्यात पडावं लागतं, आणि आधी कळायला मार्ग नसतो. जे परिणाम करू शकतं ते अपायही करू शकतं. भाजीतल्या हळदीने हे होत नाही, कारण भाजीत ती पाव चमचा असते.

काकूंना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. रक्त पातळ ठेवायची गोळी त्या रोज घेतात. मोठ्या मात्रेतलं कर्क्युमिन अशा औषधांबरोबर घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. बाटलीवर ही सूचना होती, मागच्या बाजूला, मोहरीएवढ्या अक्षरात, आणि इंग्रजीत. मी त्यांना म्हटलं, "काकू, ही एकही घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा." मिरजेला तपासणीला गेल्या तेव्हा त्या बाटली पिशवीत घालूनच गेल्या. डॉक्टरांनीही नको सांगितलं.

पुढच्या वेळी बातमी वाचाल तेव्हा एवढं शोधा: प्रयोग नळीत झाला, उंदरावर झाला की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि दुसऱ्या गटाला खोटी गोळी दिली होती का? मोजलं काय, रंग उतरलेला की आजार उतरलेला? आणि जेवढी मात्रा दिली तेवढी आपल्या ताटात येते का?

काकूंचा शेवटचा प्रश्न मात्र गोळीचा नव्हता. "मग आपल्या हळदीला काही किंमतच नाही म्हणायची?" मी म्हटलं, किंमत आहे म्हणून तर २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. रंगाला, वासाला, चवीला ती जगात कुठेही उभी राहील, आणि आमटीला तेवढंच लागतं.

शनिवारी त्यांची पोती टेम्पोत चढली. त्याआधी त्यांनी ओंजळभर हळकुंडं बाजूला काढून ठेवली होती. कुटून, वस्त्रगाळ करून संध्याकाळी डबा पाठवला. झाकणावर त्यांच्या बोटांचे पिवळे ठसे होते. बाटली कपाटात आहे, सील न फोडलेली. मुलगा पाडव्याला येईल तेव्हा त्याला परत द्यायची आहे.